परमुलुखातील कंत्राट : करार, कर आणि अमानत

बीड जिल्ह्यातील माणसाला परमुलुखातील कराराची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. त्याआधीच मुकादम साखर कारखान्याकडून उचल घेऊन ती एकेका कोयत्याला वाटून देतो. येथे कोयता म्हणजे हत्यार नव्हे, तर नवरा-बायकोची जोडी. किती टन ऊस तुटला, टनाला काय दर धरला, मुकादमाचे कमिशन किती, उचलीपैकी किती फिटली, हा सारा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. तोडणाऱ्याच्या हाती केवळ आठवण असते. हंगाम संपल्यावर वही आणि आठवण यांचा मेळ बसला नाही, तर वहीच खरी ठरते.

आज याच जिल्ह्यातील आपले अनेक बांधव त्याहून दूरच्या मुलुखात कामाला जातात. कोणी दुबईत टाइल्स बसवतो, कोणी रियाधमध्ये वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करतो, कोणी वायरमन आहे, कोणी वेल्डर. काही जण कंपनीत पगारावर असतात. त्यांची चिंता बरीचशी कंपनी वाहते. परंतु काही जण स्वतःच काम घेतात, चौरस मीटरप्रमाणे दर ठरवतात, दोन मदतनीस हाताशी घेतात आणि काम पूर्ण झाले की रक्कम घेतात. शिवाय घरी बसून परदेशी ग्राहकांसाठी संगणकावर काम करणारी सुशिक्षित मुले-मुलीही आता आपल्या घराघरांत आहेत. हा लेख या दोन्ही प्रकारच्या वाचकांसाठी आहे. कंपनी जे पगारदारासाठी करते, ते स्वतंत्रपणे काम करणाऱ्याला स्वतःलाच करावे लागते. त्यात करार आला, कर आला, बँक आली आणि जकातही आली.

पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत नमाजविषयी नाही आणि रोज्याविषयीही नाही. ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे (सूरह अल्-बकरा, आयत २८२). मुदतीचा व्यवहार लिहून घ्यावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत आणि रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे. तिच्यातील एका बारकाव्याकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. मजकूर कोणी सांगायचा? ज्याच्यावर देणे आहे, त्याने. तो अजाण वा दुर्बल असेल, तर त्याच्या पालकाने. म्हणजे कागदावर काय उतरते आहे, हे देणेकऱ्याला शब्दशः ठाऊक असले पाहिजे. आपल्याकडे नेमके उलटे चालते. देणारा लिहितो आणि घेणारा अंगठा उमटवतो. परदेशातही हीच सवय सोबत जाते. तेथे अंगठ्याच्या जागी न वाचलेल्या अरबी कागदावर सही होते, एवढाच फरक.

मराठी भाषेत हिशेब, जमा, बाकी, रक्कम, करार, मुदत, वसूल हे शब्द अरबीतून, बहुतेक फारसीच्या वाटेने आले. शब्द आपल्या घरचेच आहेत. त्यांच्यामागची शिस्त तेवढी राहून गेली.

इस्लामी फिक्हमध्ये मजुरीने काम करणाऱ्याचे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिला ‘अजीर-ए-खास’ : तो आपला वेळ एकाच मालकाला देतो. तो कामावर हजर राहिला, की काम मिळो न मिळो, त्याची मजुरी लागू होते. दुसरा ‘अजीर-ए-मुश्तरक’ : शिंपी, रंगारी, धोबी यांच्यासारखा, अनेकांची कामे घेणारा. त्याची मजुरी वेळेची नसून कामाची असते आणि काम पुरे झाल्यावरच तिचा हक्क उत्पन्न होतो. आज ज्याला आपण स्वतंत्र कंत्राटदार म्हणतो, तो हाच दुसरा मनुष्य. या दोघांमधील भेद नुकसानीच्या प्रसंगी स्पष्ट दिसतो. ग्राहकाची वस्तू कारागिराच्या हातात असताना बिघडली, तर भरपाई कोणाकडे? इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते ती वस्तू कारागिराकडे अमानत असते, त्याच्या कृतीने वा निष्काळजीपणाने बिघडल्याशिवाय त्याच्यावर भरपाई येत नाही. त्यांचे दोन्ही थोर शिष्य, इमाम अबू यूसुफ (रह.) आणि इमाम मुहम्मद (रह.), लोकांचा माल सुरक्षित राहावा म्हणून सर्वदूर लागलेल्या आगीसारखी टाळता न येणारी आपत्ती वगळता कारागिरावर भरपाई टाकतात. हा मतभेद केवळ ग्रंथातला नाही. संगमरवराची लादी बसवताना तडकली, तर तिची किंमत कोणी द्यायची, हाच तो प्रश्न होय. करारात त्याचे उत्तर आधीच लिहिलेले नसेल, तर ते उत्तर बलवान पक्ष देतो.

मजुरी अनिश्चित असेल तर इजाऱ्याचा करार ‘फासिद’, म्हणजे सदोष ठरतो. “काम करा, नंतर बघून घेऊ” हा आपल्या लोकांचा लाडका करार अशाच सदोष करारांपैकी एक आहे. म्हणून दर कोणत्या मापावर, माल कोणाचा, परांची आणि पाणी कोणाचे, रक्कम किती टप्प्यांत आणि कोणत्या चलनात, काम निकृष्ट ठरवण्याचा अधिकार कोणाला, रोखून धरलेली रक्कम कधी सुटणार, येण्याजाण्याचे तिकीट कोणाकडे, या गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. कागद अरबीत असेल तर सहीपूर्वी तो जाणकाराकडून वाचून घ्यावा. हजरत मूसा (अ.) मिसरहून परागंदा होऊन मदयनमध्ये पोहोचले, तेव्हा त्यांच्या हाती काहीही नव्हते. तरीही तेथील वृद्ध गृहस्थांशी झालेला त्यांचा करार पाहावा (सूरह अल्-कसस, आयत २७ व २८). आठ वर्षे बंधनकारक, पुढची दोन ऐच्छिक. आणि यांपैकी कोणतीही मुदत पुरी केली तरी आपल्यावर जबरदस्ती होणार नाही, हे त्यांनी तेथल्या तेथे वदवून घेतले. गरजू माणसाने अटी बोलू नयेत, असे आपल्याकडे समजतात. पैगंबरांच्या चरित्रात तसे दिसत नाही.

आता एका अवघड विषयाकडे वळतो. ‘आझाद व्हिसा’ हा शब्द आपल्या मोहल्ल्यांत सर्वांना परिचित आहे. कागदोपत्री माणूस एखाद्या कफीलचा ड्रायव्हर किंवा घरकामगार असतो. प्रत्यक्षात तो बाहेर मिळेल तेथे काम करतो आणि नावापुरत्या कफालतीसाठी दरमहा रक्कम मोजतो. यात ‘आझाद’ काहीच नाही. सौदी अरबस्तानच्या श्रम कायद्यानुसार आपल्या कफीलखेरीज दुसऱ्याकडे वा स्वतःसाठी काम करणे हा गुन्हा आहे. परदेशी माणसाने सौदी नागरिकाच्या नावाआड स्वतःचा धंदा चालवणे, ज्याला तेथे ‘तसत्तुर’ म्हणतात, त्याविरुद्धचा नवा कायदा फेब्रुवारी २०२१ पासून लागू आहे. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाख रियालपर्यंत दंडाची तरतूद आहे. आणि शरीअतच्या बाजूने पाहिले तर कफालत हे मुळात परोपकाराचे कृत्य आहे; केवळ जामीनकीच्या नावाखाली मोबदला घेणे बहुसंख्य फुकहांनी नाजायज ठरवले आहे. तो कफील मुसलमान आहे आणि मक्का-मदीनेच्या देशातला आहे, एवढ्याने व्यवहार शुद्ध होत नाही.

याहून मोठी हानी वेगळीच आहे. ग्राहकाने रक्कम बुडवली, तर आझाद व्हिसावाला कोणत्या न्यायालयात जाणार? कागदावर तो दुसऱ्याच कोणाचा तरी ड्रायव्हर आहे. ज्यांचे शिक्षण दहावीपेक्षा कमी असते, त्यांच्या पासपोर्टवर सहसा आखाती देशांसाठी स्थलांतर परवाना आवश्यक असल्याची नोंद असते. हा परवाना घेऊन गेलेल्यांना प्रवासी भारतीय विमा योजनेचे अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वासाठी दहा लाख रुपयांचे संरक्षण मिळते. एजंटाच्या सांगण्यावरून भेटीच्या व्हिसावर जाऊन कामाला लागणारा या संरक्षणालाही मुकतो. ज्यांना खरोखर स्वतंत्र काम करायचे आहे, त्यांच्यासाठी संयुक्त अरब अमिरातीत स्वतंत्र व्यावसायिकांचा परवाना आणि २०२२ पासून पाच वर्षांचा ‘ग्रीन व्हिसा’ असे खुले मार्ग आहेत. शिक्षणाच्या व मिळकतीच्या अटींमुळे ते सर्वांना परवडणारे नाहीत, हे खरे. परंतु न परवडणारा सरळ रस्ता आणि परवडणारा खोटा कागद यांत निवड करताना त्या कागदाची खरी किंमत आधी मोजावी.

“आखातात कर नसतो” हे वाक्य आपल्याकडे जवळजवळ म्हणीसारखे झाले आहे. पगारदारापुरते ते खरे आहे. स्वतःचा धंदा करणाऱ्याला ते लागू होतेच असे नाही. अमिरातीत कॅलेंडर वर्षात दहा लाख दिरहॅमहून अधिक उलाढाल करणाऱ्या व्यक्तीचा व्यवसाय कॉर्पोरेट कराच्या कक्षेत येतो. ३,७५,००० दिरहॅमच्या वरील नफ्यावर ९ टक्के कर असतो. मूल्यवर्धित कर तेथे १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के आहे आणि ३,७५,००० दिरहॅमच्या वर वार्षिक करपात्र विक्री गेली की नोंदणी करावी लागते. सौदी अरबस्तानात हा कर १ जुलै २०२० पासून १५ टक्के झाला. तेथे सौदी व्यावसायिकाकडून जकात घेतली जाते, तर परदेशी माणसाच्या व्यवसायातील नफ्यावर २० टक्के आयकर लागतो. दोहोंची वसुली एकच प्राधिकरण करते.

भारतात काय, हा पुढचा प्रश्न. येथे सारा भार दिवसांच्या मोजणीवर आहे. आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. कामासाठी परदेशी जाणारा भारतीय नागरिक त्या वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात राहिला, तर सामान्यतः तो त्या वर्षासाठी अनिवासी ठरतो. नोकरीवर जाणे आणि स्वतःच्या व्यवसायासाठी जाणे यांत या बाबतीत भेद करू नये, असा निर्णय केरळ उच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला होता. आता हिशेब पाहा. १ एप्रिलपासून देशातच असलेला माणूस २८ सप्टेंबरला विमानात बसला, तर निघण्याचा दिवस धरून १८१ दिवस होतात. तोच २९ सप्टेंबरला निघाला तर १८२ होतात, आणि उरलेल्या सहा महिन्यांत तिकडे मिळवलेले सारे उत्पन्न भारतातील करपात्र उत्पन्नात येऊन बसते. एका दिवसाच्या फरकाने हे घडते. म्हणून पासपोर्टवरील शिक्क्यांच्या पानांची प्रत दरवर्षी काढून ठेवावी. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली आहे, तरी मोजणीचे हे मूळ सूत्र बदललेले नाही. भारतातील उत्पन्न पंधरा लाखांहून अधिक असलेल्यांना अधिक कडक नियम आहेत. त्यांनी सनदी लेखापालाकडे जावे.

अनिवासी माणसाने तेथे काम करून तेथेच मिळवलेल्या रकमेवर भारतात कर नाही, आणि ती रक्कम घरी पाठवली म्हणूनही कर लागत नाही. मात्र एक सापळा आहे. ग्राहकाने मोबदला थेट भारतातील खात्यातच जमा केला, तर ते उत्पन्न भारतात प्राप्त झाले असे ठरून करपात्र होऊ शकते. पैसा आधी तिकडच्या खात्यात घ्यावा, मग इकडे पाठवावा. बीडमधील घराचे भाडे, विकलेल्या प्लॉटचा नफा यांवर मात्र अनिवासी असला तरी कर आहेच. भारताचा अमिरातीशी १९९२ चा आणि सौदीशी २००६ चा दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे. दोन्हीकडे कर लागण्याची वेळ आलीच, तर त्याचा आधार घेता येतो.

कामासाठी देश सोडला की जुने बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. ते एनआरओ खात्यात रूपांतरित करून घ्यावे आणि परदेशी कमाईसाठी एनआरई खाते उघडावे. एनआरई खात्यावरील व्याजाला भारतात आयकर माफ आहे, असे बँकेचा अधिकारी कौतुकाने सांगेल. आयकर माफ असला तरी ते व्याज हलाल होत नाही. एनआरई खाते चालू खात्याच्या स्वरूपातही उघडता येते, त्यावर व्याज नसते. चुकून जमा झालेले व्याज सवाबची अपेक्षा न ठेवता गरजूंना देऊन टाकावे, असे आपल्या उलमांचे सांगणे आहे.

हवाल्याविषयी दोन शब्द. फिक्हच्या ग्रंथांत ‘हवाला’ हा कर्ज एकाच्या शिरावरून दुसऱ्याच्या शिरावर नेण्याचा जायज करार आहे. त्याच नावाने आज जो चोरटा व्यवहार चालतो, त्याचा त्या अध्यायाशी संबंध नाही. विदेशी चलन व्यवस्थापन कायदा १९९९ नुसार अशा व्यवहारात गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. दोन पैसे जास्त भाव मिळतो म्हणून आपण ज्याच्या हाती नोटा देतो, तो त्या नोटा कोठे फिरवतो हे आपल्याला ठाऊक नसते. आणि त्या पैशातून बांधलेल्या घराचा स्रोत उद्या आयकर अधिकाऱ्याने विचारला, तर म्हाताऱ्या वडिलांनी काय दाखवायचे?

घरी बसून परदेशी ग्राहकांचे काम करणाऱ्या मुला-मुलींनी लक्षात ठेवावे, की पैसा डॉलरमध्ये आला तरी तुम्ही निवासी आहात आणि ते उत्पन्न येथे करपात्र आहे. वर्षाला वीस लाखांच्या वर सेवा गेली तर जीएसटी नोंदणी लागते. सेवा निर्यात असल्याने हमीपत्र दाखल करून शून्य दराने काम करता येते, पण रक्कम परकीय चलनात आल्याचा बँकेचा पुरावा जपावा लागतो.

कर बुडवणे गुनाह आहे का, असे जुम्याच्या नमाजनंतर मला अनेकदा विचारले जाते. काही जण जकातनाक्यावर अन्यायाने वसुली करणाऱ्यांविषयीची ‘मक्स’ची हदीस पुढे करतात. ती वसुली जुलमाची होती. रस्ते, दवाखाने आणि शाळा ज्यातून चालतात त्या कायदेशीर कराला सरसकट ती लावणे योग्य नाही. परंतु मला या वादापेक्षा दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. पासपोर्ट आणि व्हिसा घेताना आपण एक वचन देतो, आणि सूरह अल्-माइदाच्या पहिल्याच आयतीत ईमानवंतांना करार पाळण्याची आज्ञा आहे. विवरणपत्राखाली आपण ‘हे सत्य आहे’ असे लिहून सही करतो. कायद्याने दिलेली प्रत्येक सवलत निःसंकोच घ्यावी; दिवस मोजून २८ तारखेचे तिकीट काढावे, त्यात काहीही गैर नाही. खोटे लिहू नये.

कर भरला म्हणजे जकात झाली, हाही एक गैरसमज आहे. जकातचे आठ हक्कदार सूरह अत्-तौबाच्या साठाव्या आयतीत निश्चित केले आहेत आणि त्यांत सरकारी तिजोरी नाही. साडेबावन्न तोळे, म्हणजे सुमारे ६१२ ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी शिल्लक असेल तर चांद्रवर्षाच्या अखेरीस अडीच टक्के. ड्रिल यंत्र, वेल्डिंगची साधने, लॅपटॉप यांवर जकात नाही. विक्रीसाठी आणलेल्या मालावर आहे. देय झालेला पण भरायचा राहिलेला कर हे कर्ज असल्याने तो वजा करता येतो. ग्राहकाकडे अडकलेल्या मोबदल्याचा हिशेब आपल्या मुफ्तींना विचारून करावा.

दोन मदतनीस हाताशी घेतलेल्या कारागिराला थोडे थांबवून सांगावेसे वाटते. ज्या दिवशी तुम्ही गावाकडची दोन मुले तिकिटाचे पैसे देऊन बोलावली, त्या दिवशी तुम्ही मुकादम झालात. त्यांच्या तिकिटाची रक्कम ही त्यांची उचल आहे आणि वही तुमच्या हातात आहे. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी मजुरी द्यावी, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण मालकांना ऐकवतो. मजुराकडून पूर्ण काम करून घेऊन मोबदला न देणाऱ्याविरुद्ध कियामतच्या दिवशी स्वतः अल्लाह वादी असेल, अशा आशयाची सहीह बुखारीतील हदीसही प्रसिद्ध आहे. ग्राहकाने आपले पैसे रोखले म्हणून आपण त्या मुलांचे रोखले, हे उत्तर तेथे चालणार नाही. त्यांचा करार तुमच्याशी होता. त्यांच्या नावाची स्वतंत्र पाने ठेवावीत आणि दर महिन्याला त्यांच्यासमोर वाचावीत.

शेवटी घराविषयी. प्रेषित (स.) यांच्यासमोर जनाजा आणला जाई, तेव्हा मृताच्या डोक्यावर कर्ज आहे का, याची ते चौकशी करीत. एका प्रसंगी कर्ज फेडण्यास काही मागे नाही असे कळल्यावर त्यांनी स्वतः नमाज पढवण्याचे थांबवले, हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज आपल्या शिरावर घेतले, तेव्हा नमाज झाली. रक्कम अवघी काही दिनारांची होती. परदेशी काम करणारा माणूस अचानक वारला, तर त्याच्या पत्नीला सहसा एवढेच ठाऊक असते, की दर महिन्याला पैसे येत होते. कोणत्या बँकेतून, कोणत्या ग्राहकाकडून, कोणाचे किती देणे होते, कोणत्या कंत्राटाची रक्कम अडकली आहे, हे तिला कोणी सांगितलेले नसते. ज्याच्यापाशी सांगण्यासारखे काही आहे, त्याने वसीयत लिहिल्यावाचून दोन रात्री काढू नयेत, अशी शिकवण आहे. येथे तर समुद्र ओलांडायचा असतो.

म्हणून निघण्यापूर्वी एका कागदावर दोन्ही देशांतील खाती, प्रत्येक खात्यावरील वारसनोंद, चालू कंत्राटे, येणे, देणे, मदतनीसांची बाकी आणि राहिलेली जकात मराठीत लिहावी. खाली तारीख घालून सही करावी, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि तो पत्नीला व वडिलांना मोठ्याने वाचून दाखवावा. करारांच्या प्रती त्याच पाकिटात ठेवाव्यात. दर सुटीत आल्यावर हा कागद नव्याने लिहावा आणि जुना फाडून टाकावा, म्हणजे दोन कागदांवरून घरात वाद होणार नाही.